रुकावट आहे, खेद नाही

दूरदर्शनचा तो एकाच वाहिनीचा काळ ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी विसरता येणार नाही. ऐन रंगात आलेला सिनेमा खाड्कन थांबायचा, पाटी यायची आणि शेजारपाजारच्या मंडळींनी भरलेली खोली एक सुस्कारा सोडून त्या पाटीकडे बघत बसायची. पाटीच्या जागी नुसत्या मुंग्या आल्या, तर मात्र कुणीतरी उठून गच्चीवर जायचं, ॲन्टेना फिरवायचं आणि खालून 'आलं, आलं... गेलं!' असा पुकारा व्हायचा. पाटी म्हणजे बिघाड त्यांचा, मुंग्या म्हणजे बिघाड आपला. एवढं निदान घरातल्या लहान पोरालाही करता येत असे. शिवाय बिघाड त्यांचा असला तर ते खेद व्यक्त करायचे, ही सभ्यता वेगळीच.

आज भिंतभर टीव्हीवर येणारा मजकूर पाहा. 'फाइल फॉरमॅट नॉट सपोर्टेड.' 'समथिंग वेन्ट राँग.' काहीतरी बिघडलं आहे हे आम्हालाही दिसतंच आहे. पण काय बिघडलं, कुठे बिघडलं, कुणाकडून बिघडलं? त्याबद्दल मौन. खेद तर नाहीच. उलट बघणाऱ्यालाच वाटू लागतं की आपणच काही चुकीचं दाबलं. घरातली वडीलधारी माणसं तर रिमोट खाली ठेवून अपराध्यासारखी बाजूला सरतात. मला या प्रकाराचा राग येतो, आणि हा लेख निम्मा त्या रागातून लिहितो आहे.

उरलेला निम्मा अनुभवातून. मी संगणकातला अभियंता नव्हे. पण 'ह्याला त्यातलं कळतं' अशी एकदा ख्याती झाली की सुटका नसते. गेली वीसएक वर्षं रविवारी सकाळी आमच्या दाराशी कुणी ना कुणी पेनड्राइव्ह, सीडी, नाहीतर बंद पडलेला जुना फोन घेऊन उभं असतं. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. ज्याला लोक 'फाइल खराब झाली' म्हणतात, ती फाइल बहुतेक वेळा ठणठणीत असते. खराब झालेला असतो तो तिच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता. आणि हे न कळल्यामुळे माणसं चांगल्या वस्तू फेकून देतात.

आमच्या गल्लीतल्या एक निवृत्त बाई अशाच आल्या होत्या. त्यांनी मला शाळेत भूगोल शिकवला आहे, त्यामुळे अजून 'अरे-तुरे'नेच बोलतात. "बघतोस का रे जरा? दुकानदार म्हणाला, टाकून द्या." पिशवीतून त्यांनी दोन सीडी काढल्या. २००३ सालचं मुलीचं लग्न. त्या लग्नात बाईंचे यजमान पाहुण्यांना पंगतीत आग्रह करताना दिसतात, विहिणीची थट्टा करतात. पुढे चारच वर्षांत ते गेले. त्यांचे फोटो घरात पुष्कळ आहेत. पण ते चालताहेत, हसताहेत, बोलताहेत असं फक्त या दोन सीडींत आहे. आणि त्या टाकून द्यायच्या!

दुकानदार लबाड नव्हता. त्याने सीडी नव्या लॅपटॉपला जोडलेल्या ड्राइव्हमध्ये घातली, चित्रफीत आपोआप सुरू झाली नाही, म्हणून त्याने तिला मृत घोषित केलं. प्रत्यक्षात ही होती व्हीसीडी. १९९३ साली आलेला हा प्रकार आपल्याकडे लग्नाच्या चित्रणासाठी घरोघर पोहोचला. साध्या सीडीवर साधारण तासा-सव्वातासाचं चित्रण मावायचं. चित्र केवळ ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, त्यामुळे आजच्या मोठ्या पडद्यावर ते धुरकट दिसणारच. ही सीडी संगणकात उघडली की तीन-चार फोल्डर दिसतात. त्यातल्या 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॅट' आडनावाची एक भलीमोठी फाइल असते. सगळं लग्न तिच्यात. पण 'डॅट' हे आडनाव संगणकाच्या जगात इतक्या नाना तऱ्हांच्या फायली लावतात, की विंडोजला तिचं करायचं काय ते कळत नाही. चांगला प्लेअर उघडून ती फाइल त्यात ओढून टाकली, की सनई सुरू होते. बाईंच्या बाबतीत तेच झालं. दोन ठिकाणी ओरखड्यांमुळे चित्र अडखळलं. तीच सीडी दुसऱ्या एका जुन्या ड्राइव्हमध्ये घातली तर त्यातलं एक ठिकाण सरळ पार झालं. ड्राइव्हागणिक वाचण्याची ताकद वेगळी असते, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

आता हे असं का होतं, ते समजून घ्यायला फार शास्त्र लागत नाही. आपल्या स्वयंपाकघरातली फळी डोळ्यांसमोर आणा. बोर्नव्हिटाच्या डब्यात शेंगदाणे आणि 'रवा' लिहिलेल्या डब्यात पोहे, ही तर आपली परंपराच. चित्रफितीचंही तसंच. फाइलच्या नावाशेवटी जे 'एमपी-फोर', 'एमकेव्ही', 'एव्हीआय' असं लिहिलेलं असतं, ते डब्याचं नाव. आत चित्र कोणत्या पद्धतीनं दाबून भरलं आहे आणि आवाज कोणत्या पद्धतीनं, ते त्या नावावरून पुरतं कळत नाही. या दाबून भरण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीला 'कोडेक' म्हणतात. म्हणूनच एकाच पेनड्राइव्हवरच्या दोन 'एमपी-फोर' फायलींपैकी एक टीव्हीवर चालते आणि दुसरी चालत नाही. डबा तोच, ऐवज निराळा.

टीव्ही 'नॉट सपोर्टेड' म्हणतो, तेव्हा तो एवढंच सांगत असतो, की ही लिपी मला वाचता येत नाही. आपल्याकडे कित्येक घरांत पणजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद मोडीत आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, अक्षर तर मोत्यासारखं; पण पणतवाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून कुणी ते कागद बंबात घालत नाही, मोडी वाचणारा शोधतो. चित्रफितींच्या बाबतीत मात्र आपण खुशाल बंब पेटवतो.

या लिप्या बदलतात तरी किती भराभर! व्हीसीडीची एक, डीव्हीडीची दुसरी, २००३ साली आलेली 'एच २६४' तिसरी, २०१३ची 'एचईव्हीसी' चौथी. नवी लिपी जुनीपेक्षा कमी जागेत तेवढंच चित्र मावून घेते, हा तिचा खरा गुण. पण ती वाचण्याचा परवाना पुष्कळदा विकत घ्यावा लागतो, आणि इथे व्यापार सुरू होतो. २०१२ साली विंडोज ८ आली तेव्हा तिच्यातून डीव्हीडी चालवण्याची सोयच काढून टाकण्यात आली. घरोघरच्या डीव्हीडी एका रात्रीत मुक्या झाल्या, आणि गिऱ्हाइकाला वाटलं, आपला ड्राइव्ह गेला. २०१७पासून आयफोन 'एचईव्हीसी'त चित्रण करू लागले. ते विंडोजवर उघडायला गेलं तर अनेक संगणकांवर नाममात्र किमतीचं एक पुरवणी सॉफ्टवेअर विकत घ्या, असं उत्तर मिळू लागलं. अमेरिकेतून आलेली लेक नातवाच्या बारशाचं चित्रण पेनड्राइव्हवर देऊन जाते आणि इथे आजी-आजोबांच्या टीव्हीवर नुसता आवाज येतो, पडदा काळा, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. लेकीला एवढंच सांगायचं, की फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स' इथे जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' निवड. यापुढचं चित्रण जुन्या लिपीत होईल. आधीचं झालेलं 'हँडब्रेक'सारख्या मोफत सॉफ्टवेअरने बदलून घेता येतं. मात्र मूळ फाइल पुसायची नाही, कारण दर वेळी लिपी बदलताना थोडं चित्र झिजतंच.

जवळजवळ सगळ्या लिप्या वाचणारा एक मोडी-वाचक मात्र जगात आहे आणि तो फुकट काम करतो. नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चिन्ह असलेला व्हीएलसी. १९९६ साली पॅरिसमधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या जाळ्यावरून टीव्ही बघण्यासाठी सुरू केलेला हा खटाटोप. २००१ साली त्यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला. रस्त्यावर ठेवतात तसले शंकू त्या पोरांनी कुठून कुठून जमवले होते, म्हणून चिन्ह शंकूचं! आपल्याकडे मात्र त्याच्या नशिबी वेगळंच आलं. २०२२ साली व्हीएलसीचं संकेतस्थळ भारतात कित्येक महिने बंद होतं. कायदेशीर नोटीस गेल्यानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा उघडलं. त्या काळात तोच प्लेअर कुठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेण्याचा मोह अनेकांना झाला असणार. तो मोह आजही टाळावा. 'तुमचा प्लेअर जुना झाला आहे, इथे दाबा', 'हा कोडेक पॅक घ्या' अशा पाट्या चित्रफितीच्या आडून येतात, तेव्हा दाबणाऱ्याच्या पदरात विषाणूच पडण्याची भीती जास्त. व्हिडिओलॅन या मूळ संस्थेचं संकेतस्थळ किंवा फोनचं अधिकृत दुकान, याखेरीज कुठूनही घेऊ नये.

आवाजाच्या तक्रारी निराळ्या. चित्र दिसतं पण आवाज नाही, तर आवाजाची लिपी टीव्हीला येत नसते. 'डीटीएस' नावाची लिपी कित्येक टीव्हींना वाचता येत नाही. आवाज आहे पण गाणी कानठळ्या बसवणारी आणि संवाद मात्र कुजबुजल्यासारखे, ही तक्रार घरोघरच्या आजोबांची. कान गेले म्हणून त्यांना बोल लावण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'स्टिरिओ' निवडून पाहा. सिनेमाचा आवाज सहा ध्वनिवर्धकांसाठी केलेला असतो, त्यात संवाद मुख्यतः मधल्यासाठी. आपल्या टीव्हीला मधला नसतोच. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, असं झालं तर बहुधा ब्लूटूथचा स्पीकर दोषी. वायर लावली की ताळमेळ जमतो. फाइलमध्येच दोष असेल तर व्हीएलसीत 'जे' आणि 'के' या कळांनी आवाज मागेपुढे सरकवता येतो. आणि मराठी उपशीर्षकांच्या जागी चौकोन किंवा अगम्य चिन्हं दिसली, तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. तिथे अक्षरं नीट दिसत असतील, तर ती 'यूटीएफ-८' या पर्यायाने पुन्हा साठवावी. देवनागरी परत येते.

आता इंटरनेटवरून चालणाऱ्या चित्रपटांकडे वळू, कारण हल्ली रविवारची भांडणं त्यावरूनच होतात. इथे पुन्हा तो पाटी की मुंग्या हाच प्रश्न. सिनेमा अडकतो आहे, गोल चक्र फिरतं आहे. बिघाड तिकडचा की घरातला? ॲन्टेना फिरवण्याइतकी सोपी तपासणी आजही करता येते. तोच सिनेमा त्याच वाय-फायवर फोनमध्ये लावून बघा. फोनमध्ये नीट चालला तर दोष टीव्हीचा किंवा त्याला लावलेल्या स्टिकचा. फोनमध्येही अडकला, तर वाय-फाय बंद करून मोबाइलच्या इंटरनेटवर लावा. आता चालला, तर दोष घरातल्या जोडणीचा. तरीही नाही चालला, तर रुकावट बहुधा त्यांची आहे, आपण चहा टाकावा. एवढ्या दोन पायऱ्या केल्या तरी निम्मं घर शांत होतं.

वेग हाच नेहमी दोषी असतो असंही नाही. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं, की पूर्ण एचडी चित्राला ५ एमबीपीएस पुरतात आणि फोर-केला १५. शंभराची जोडणी घेऊनही चक्र फिरत असेल तर राउटर कुठे ठेवला आहे ते बघा. आपल्याकडे तो शोभेचा नाही म्हणून लोखंडी कपाटामागे किंवा शोकेसच्या बंद खणात जातो. मग बिचाऱ्या लहरींनी यायचं कुठून? स्टिकचंही तेच: टीव्हीच्या पाठीमागे, भिंतीला चिकटून, मे महिन्याच्या उकाड्यात ती तापते आणि मध्येच बंद पडते. तिला टीव्हीच्याच यूएसबीतून वीज दिली असेल, तर ती कमी पडण्याची शक्यता असते. सोबत आलेला ॲडॅप्टर डब्यात पडून असतो, तो लावावा. आणि उपकरण पाच-सात वर्षांचं असेल, तर त्याची तारीख बरोबर आहे का, तेही पाहावं. हा उपाय ऐकून लोक हसतात. पण दोन यंत्रं एकमेकांशी बोलण्याआधी ओळखपत्रं तपासतात, आणि त्या ओळखपत्रांवर मुदत असते. जुन्या संगणकातला नाण्याएवढा सेल संपला, की त्याचं कॅलेंडर कित्येक वर्षं मागे जातं आणि सगळी ओळखपत्रं त्याला खोटी वाटू लागतात.

याचं मोठं उदाहरण २०२५ साली घडलं. ९ मार्चला जगभरातल्या घरांत गूगलचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट, २०१५ साली बाजारात आलेले, अचानक बंद पडले. कुणी काही केलं नव्हतं. त्यांच्या आत बसवलेल्या ओळखपत्राची मुदत संपली होती, बस्स. अशा वेळी माणसाचा हात कुठे जातो? 'फॅक्टरी रीसेट'कडे. सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात. गूगलने सांगितलं, रीसेट करू नका, दुरुस्ती पाठवतो. आणि काही दिवसांत ती पाठवलीही. हात आवरून बसलेल्यांचे क्रोमकास्ट पुन्हा सुरू झाले. ज्यांनी आधीच रीसेट केलं होतं, त्यांच्या मागे मात्र नव्याने जोडणी करण्याची अडचण लागली. बिघाड आपला नसताना केलेला हा उपाय नवा बिघाड होऊन बसला. म्हणून दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं हेच विचारतो, की काही पुसलं तर नाहीत ना? सीडी असेल तर आधी नक्कल, फोन असेल तर त्यावर नवीन काही साठवायचं नाही, उपकरण असेल तर नुसतं बंद करून, वायर काढून, दोन मिनिटांनी पुन्हा लावायचं. यातल्या कशानेही नुकसान होत नाही. परत न फिरणारे उपाय सगळ्यात शेवटी.

ही खबरदारी किती मोलाची आहे, ते मला माझ्या मावसभावाच्या फोनवरून सांगता येईल. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी तो गेला होता. आमच्या मावशीला जात्यावरच्या ओव्या पाठ. आता जातं कुणी ओढत नाही. पण नातसुनेने हौसेने ते पडवीत मांडलं, आणि मावशी बसली. त्याने फोन खांबाला टेकवून चित्रण सुरू केलं. गावात सकाळपासून वीज नव्हती. पाऊणएक तासाने फोनची बॅटरी संपली आणि तो तसाच बंद पडला. घरी येऊन पाहतो, तर फाइल आहे, चांगली भलीमोठी आहे, पण उघडतच नाही. तोवर दिवाळी होऊन गेली होती, आणि मावशी अंथरुणाला खिळली होती. आता पुन्हा ओव्या कुठल्या?

त्याने ती फाइल पुसली नव्हती, हे नशीब. फोन चित्रण करतो तेव्हा चित्र आणि आवाज ओळीने लिहीत जातो. पण कोणतं चित्र कुठे आहे याची अनुक्रमणिका बहुतेक फोन सगळं संपल्यावर, 'थांबा'चं बटण दाबल्यावर लिहितात. बॅटरी मध्येच संपली, तर पुस्तक छापलेलं असतं, अनुक्रमणिका नसते, आणि प्लेअर अनुक्रमणिकेशिवाय पुस्तक हातात धरत नाही. उपाय असा, की त्याच फोनवर, त्याच सेटिंगने केलेली दुसरी एक नीट चालणारी चित्रफीत घ्यायची. ती नमुना म्हणून दाखवली, की 'अनट्रंक' नावाचं मोफत सॉफ्टवेअर पहिल्या फाइलची अनुक्रमणिका नव्याने बांधून देतं. दर वेळी जमतंच असं नाही. मूळ फाइलची नक्कल करून, त्या नकलेवरच प्रयोग करायचा.

आम्हाला दोन संध्याकाळ लागल्या. पहिल्या संध्याकाळी नुसता आवाज आला, घरघर आणि बांगड्या. दुसऱ्या संध्याकाळी चित्रही आलं. पडवी, कोपऱ्यात वाळत घातलेलं लुगडं, खुंट्यावरचे दोन हात. त्रेचाळीस मिनिटं आहेत. मावसभावाने तो पेनड्राइव्ह गावी नेऊन मावशीच्या पलंगासमोरच्या टीव्हीला लावला, आणि जुन्या लिपीत करून घेतलेला असल्यामुळे तो पहिल्या फटक्यात चालला. मावशी ऐकत होती, मध्येच एका ओवीला म्हणाली, "हितं चुकले बघ मी." शेवटची ओवी अर्ध्यावर तुटते, फोन तिथे बंद पडला होता. उरलेली अर्धी तिने पडल्या पडल्या म्हटली, आणि या वेळी नातसुनेच्या हातातला फोन चार्जरला लावलेला होता.